एका पिकावर आलेली शेती : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील अल्पभूधारकाच्या पीकनिवडीचा इतिहास

प्रस्तावना

लहान शेतकऱ्याने अनेक पिकांचा पसारा आवरावा, ज्या पिकात आपली जमीन, पाणी आणि हातोटी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते असे एकच पीक निवडावे आणि भांडवल व श्रम त्यावर एकवटावेत, हा सल्ला कृषी विस्ताराच्या व्याख्यानांतून, बँकांकडे सादर होणाऱ्या प्रकल्प अहवालांतून आणि व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सातत्याने दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. तथापि ज्याला आपण पसारा म्हणतो तो काही कामे करीत होता. घरातले धान्य, जनावरांची वैरण, एक पीक बुडाले तर दुसऱ्याचा आधार आणि वर्षाच्या बाराही महिन्यांत घरातील माणसांना काम, ही ती कामे होत. पसारा आवरल्यावर ही कामे कोण करते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात विचारला आहे. आज हा पट्टा मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. परंतु खेड तालुक्यात कांदा आणि मावळात गुलाब अशी एका पिकावर आलेली लहान शेती याच पट्ट्यात, याच कारखान्यांच्या सावलीत वाढली. या दोन गोष्टी एकाच काळात घडल्या हा निव्वळ योगायोग नव्हता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. येथील शेताने एक पीक धरले ते कुटुंबाने दुसरी बाजू शेताबाहेर उभी केली म्हणून. ती बाजू जेथे भक्कम होती तेथे एक पीक तगले. जेथे ती नव्हती तेथे त्याच पिकाने कुटुंबाला अडचणीत आणले.

पिंपळे सौदागर, १९१७

या विषयाचा आरंभ करण्यास पिंपळे सौदागर हे गाव फार सोयीचे आहे. पवना नदीकाठचे हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून उंच निवासी इमारतींनी भरून गेले आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या गावाची घरोघर पाहणी केली आणि १९१७ मध्ये दख्खनमधील एका खेड्यातील जमीन व श्रम या विषयावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीय ग्रामीण अर्थशास्त्रातील अगदी सुरुवातीच्या गाव-अभ्यासांत त्याची गणना होते.

या ग्रंथातील जमीनधारणेचे आकडे पुढे अनेकांनी उद्धृत केले. १७७१ मध्ये या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विभागलेली होती. अभ्यासकांचे लक्ष साहजिकच या तुकड्यांकडे गेले. १९४७ चा मुंबई राज्याचा तुकडेबंदी व एकत्रीकरण कायदा ज्या विचारपरंपरेतून आला तिच्यात मॅन यांच्या आकड्यांना मानाचे स्थान आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्याच ग्रंथातील दुसरा तक्ता अधिक महत्त्वाचा ठरतो. पाहणी केलेल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबांचा निर्वाह जमिनीवर नीट चालत होता. २८ कुटुंबे जमीन आणि बाहेरचे काम या दोहोंच्या जोरावर तग धरून होती. उरलेली ६७ कुटुंबे दोन्ही करूनही तुटीत होती. म्हणजे ज्यांचे संसार सावरलेले होते अशा ३६ कुटुंबांपैकी २८ कुटुंबांना शेताबाहेरच्या मिळकतीचा टेकू होता. पुणे शहर व खडकीची लष्करी छावणी जवळ असल्याने असे काम मिळणे शक्य होते. पहिले गाव शहराच्या फार जवळ असल्यामुळे मॅन यांनी पुढे शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक हे शहरापासून दूरचे, कोरडवाहू गाव अभ्यासासाठी घेतले व १९२१ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. शुद्ध शेतकी गाव शोधणाऱ्या संशोधकाला पिंपळे सौदागर अपवादात्मक वाटणे स्वाभाविक होते. आज मागे वळून पाहता तोच अपवाद या पट्ट्याचा नियम झालेला दिसतो.

मॅन यांचा ग्रंथ निघाल्यानंतरच्याच वर्षी, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतातील लहान शेतजमिनी व त्यावरील उपाय हा निबंध लिहिला. धारणक्षेत्र लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही, त्या जमिनीवर भांडवल आणि श्रम किती प्रमाणात लागतात यावरून ठरते, असा त्यांचा मूलभूत मुद्दा होता. जमिनीवर गरजेपेक्षा अधिक माणसे अडकून पडली आहेत. ती उद्योगांकडे वळली तरच शेतीचा प्रश्न सुटेल, म्हणून औद्योगिकीकरण हाच शेतीवरचा खरा उपाय, हा त्यांचा निष्कर्ष होता. तुकडे जोडण्याच्या चर्चेत हा निबंध बराच काळ बाजूला राहिला. पण औद्योगिकीकरण प्रत्यक्षात घडले तेव्हा आजूबाजूच्या लहान शेतीचे काय झाले, हे पाहण्यासाठी पिंपरी-चिंचवडइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात दुसरे नसावे.

कारखाने आले तेव्हा

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि साठच्या दशकात आकुर्डी, चिंचवड, भोसरी या परिसरात मोठ्या कारखान्यांबरोबर त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांची दाटी झाली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढची लाट चाकणकडे गेली. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना तेथे सुरू झाला. ज्या जमिनी संपादित झाल्या त्यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे प्रश्न आहे तो संपादनातून उरलेल्या आणि दोन-चार एकरांवर आलेल्या शेताचा.

ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात शेतीविषयी एक निरीक्षण नोंदविले आहे. कारखान्यात श्रमविभागणी जितकी बारीक करता येते तितकी शेतीत करता येत नाही, कारण नांगरणी, पेरणी व कापणी ही कामे ऋतूंनी बांधलेली असतात आणि एका कामावर माणसाला वर्षभर ठेवता येत नाही. चाकण परिसरातील पूर्वीची मिश्र शेती हे या अडचणीवरचे जुने उत्तर होते. बाजरीत तूर, मटकी, हुलगा यांचे पाटे, रब्बीला ज्वारी व हरभरा, विहिरीखाली थोडा भाजीपाला आणि गोठ्यात जनावरे अशी मांडणी असली की घरातील प्रत्येकाच्या हाताला कोणत्या ना कोणत्या महिन्यात काम असे. कारखान्याने या मांडणीतील नेमका माणूसच उचलला. पाळीवर जाणारा मुलगा पहाटेच्या मोटेवर किंवा दुपारच्या राखणीला उपलब्ध राहिला नाही. उलट त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला घरी येऊ लागला. वर्षभर पसरलेल्या कामाऐवजी ठरावीक आठवड्यांत मजूर लावून उरकता येईल असे पीक अशा कुटुंबाला सोयीचे होते. दाणे विकत आणता येऊ लागल्यावर बाजरीचा पाटा मागे पडण्यास वेळ लागला नाही.

कांदाच का

चाकण ही कांदा-बटाट्याची जुनी पेठ. पुणे-नाशिक रस्त्यावरील या ठिकाणी खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचा महात्मा फुले बाजार आहे. तेव्हा मुख्य पीक म्हणून कांद्याच्या तोडीस तोड दावेदार बटाटा होता आणि काही गावांत आजही तो आहे. परंतु बटाट्याचे बियाणे बहुतांशी पंजाबातून येते, त्याची किंमत हंगामाच्या आरंभीच रोख मोजावी लागते आणि माल ठेवायचा तर शीतगृहाचे भाडे लागते. कांद्याचे बी शेतकरी घरीच करू शकत असे. चांगल्या कांद्याचे गोट निवडून लावायचे आणि डोंगळ्यांतून बी झाडून घ्यायचे, हे कसब पिढीजात होते. साठवणुकीसाठीही शेताच्या कडेला बराख उभी करता येत असे. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने बियाणे आणि विक्रीची वेळ या दोन्ही गोष्टी काही प्रमाणात स्वतःच्या हाती ठेवणारे हे पीक होते.

यातील विक्रीच्या वेळेचा मुद्दा थोडा बारकाईने पाहिला पाहिजे. आपण सरसकट कांदा म्हणतो. शेतकऱ्याच्या लेखी मात्र ती तीन निरनिराळी पिके आहेत. खरिपाचा कांदा साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून निघू लागतो, रांगडा कांदा जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास आणि रब्बीचा म्हणजे गरवा किंवा उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये. पहिले दोन टिकत नाहीत. काढले की विकावेच लागतात. फक्त रब्बीचा कांदा बराखीत चार-सहा महिने थांबू शकतो. हे थांबणेही फुकट नसते. वजनातील घट, सड आणि कोंब मिळून साध्या साठवणुकीत तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत नुकसान होते, असे साधारणपणे मानले जाते. शंभर किलोंपैकी पासष्ट किलो उरले, तर काढणीच्या वेळेइतकेच पैसे हाती येण्यासाठी भाव दीडपटीहून अधिक चढावा लागतो. बराखीचा खर्च, निवडाईची मजुरी आणि अडकलेल्या रकमेचे व्याज यात धरलेले नाही. म्हणजे बराख ही एक पैज आहे. ती लावण्याची ऐपत कोणाची? मे महिन्यात सोसायटीचे कर्ज, लग्नकार्य आणि खरिपाची तयारी हे सारे कांद्याच्याच पैशांतून करावयाचे असेल तर ती ऐपत नसते. ज्या घरात पगार येतो त्या घराचा कांदा सप्टेंबरपर्यंत थांबू शकतो. एकाच गावातील, एकाच बांधाच्या दोन बाजूंचे शेतकरी एकच पीक घेऊन दोन निराळ्या भावांना विकतात, याचे कारण पुष्कळदा शेतात सापडत नाही. सातबाराच्या पीकपेऱ्यात दोघांच्याही नावापुढे कांदा एवढीच नोंद असते.

शेताने सोडलेली आणखी एक बाजू संस्थांनी उचलली. कांदा व लसूण यांसाठीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ मध्ये नाशिक येथे सुरू झाले आणि १९९८ मध्ये चाकणपासून जवळच असलेल्या राजगुरुनगर येथे हलविण्यात आले. २००८ मध्ये त्याला संचालनालयाचा दर्जा मिळाला. भीमा नदीचे नाव धारण करणारे भीमा सुपर, भीमा राज, भीमा शक्ती, भीमा किरण आदी वाण या संस्थेने दिले. त्यात खरिपाला चालणारे वाण आहेत तसे रब्बीला चालणारे व साठवणुकीत टिकणारेही आहेत. पूर्वी वाणांची विविधता शेतकऱ्याच्या डोंगळ्यांत होती; ती आता संशोधन प्रक्षेत्रावर जपली जाते. उत्पादनाच्या दृष्टीने हा लाभच आहे. पण शेत जितके अरुंद झाले तितकी त्याला आधार देणारी बाहेरची यंत्रणा रुंद करावी लागली, हे विसरून चालणार नाही.

एक पीक आणि एक कलम

या इतिहासातील सर्वांत बोलका प्रयोग चाकणपासून काही किलोमीटरवर, आंबेठाण येथे झाला. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघात अधिकारी असलेले शरद जोशी नोकरी सोडून भारतात परतले व १९७७ मध्ये त्यांनी आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेतली. त्यांनी शेतीचा जमाखर्च कारखान्याच्या जमाखर्चासारखा काटेकोरपणे मांडून पाहिला आणि तो जमेना. व्यापारी माल विकून हमाली, तोलाई, वाहतूक आणि अडत वजा करतो, तेव्हा कधी कधी शेतकऱ्याच्या हाती पैसे येण्याऐवजी त्याच्याकडेच बाकी निघते. अशा हिशेबाला उलटी पट्टी म्हणतात. शेतकरी अडाणी आहे, आळशी आहे, उधळ्या आहे, म्हणून तो गरीब आहे, या प्रचलित समजुतींना या एका कागदाने जितके खोडून काढले तितके अनेक ग्रंथांनी काढले नसेल.

१९७८ मध्ये चाकणला कांद्याचे पहिले आंदोलन झाले. १९७४ पासून कांद्याची निर्यात नाफेडमार्फत होत असल्याने निर्यातीचे दार उघडावयाचे की बंद ठेवावयाचे, हा निर्णय दिल्लीत होत असे आणि त्याचा परिणाम चाकणच्या लिलावात दिसत असे. १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली. उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव हा तिचा एककलमी कार्यक्रम होता. १९८० मध्ये आंदोलन नाशिक जिल्ह्यात उसाला जोडून पोहोचले आणि राज्यभर गाजले.

संघटना कांद्यापासून सुरू झाली याचे कारण भावनिक नव्हते. ज्या शेतकऱ्याचे सात पिकांत सात निरनिराळे हितसंबंध आहेत त्याला एका मागणीसाठी रस्त्यावर आणणे कठीण असते. एका पेठेत, एका पिकाचे, एकाच भावाला बांधलेले शेतकरी एकत्र येऊ शकतात. पीक एकवटले म्हणून प्रश्न एकवटला. एका पिकाच्या शेतीवरील सर्वसामान्य टीकेत तिच्या या राजकीय सामर्थ्याचा उल्लेख सहसा नसतो, म्हणून तो येथे मुद्दाम केला आहे.

तथापि गोष्ट येथे संपली नाही. १९८६ मध्ये चांदवड येथे महिलांचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर जमिनीचा हिस्सा स्त्रियांच्या नावे करण्याचा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. १९९१ च्या सुमारास जोशी यांनी चतुरंग शेतीची मांडणी केली. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती अशी तिची चार अंगे होती. घरापुरते अन्न स्त्रीने आपल्या हिश्श्याच्या तुकड्यावर कमीत कमी बाहेरच्या खर्चात पिकवावे, ही सीताशेती; मालावर घरच्या घरी प्रक्रिया करावी, ही माजघरशेती. एका कलमाने आरंभलेली चळवळ बारा वर्षांत चार अंगांवर आली. याला काहींनी धरसोड म्हटले. प्रस्तुत लेखकाला त्यात अनुभवाचा क्रम दिसतो. भाव मागण्यासाठी एक पीक पुरेसे होते. भाव मिळेपर्यंत जगण्यासाठी ते पुरत नव्हते. शिवाय मिश्र शेती मागे पडली तेव्हा पाट्यांतील मटकी-हुलग्याबरोबर स्त्रियांच्या ताब्यातील उत्पन्नही गेले होते. परसातली भाजी आणि कडधान्याचे दोन पायली घरची बाई विकू शके. कांद्याची पट्टी मात्र खातेदाराच्या नावे निघते.

मावळातील गुलाब

पट्ट्याच्या पश्चिमेस, मावळात, हीच प्रक्रिया अधिक वेगाने व अधिक भांडवलासह घडली. १९९१ नंतरच्या उदारीकरणात निर्यातक्षम फुलशेतीला उत्तेजन मिळाले. तळेगाव दाभाडे येथे औद्योगिक विकास महामंडळाचे फुलशेती उद्यान व हरितगृह शेतीचे प्रशिक्षण देणारे केंद्र उभे राहिले आणि २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाचे अनुदान उपलब्ध झाले. मोठ्या कंपन्यांपाठोपाठ दहा-वीस गुंठ्यांची पॉलिहाऊसे घेऊन स्थानिक शेतकरीही या व्यवसायात आले.

येथे शेतकरी एका पिकावरच थांबला नाही. तो एका रंगावर आणि एका तारखेवर आला. १४ फेब्रुवारीच्या युरोपीय बाजारपेठेसाठी लाल डच गुलाबाची छाटणी डिसेंबरच्या पूर्वार्धात उरकावी लागते, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत लांब दांड्याची फुले तोडता येतात. थंडी अधिक पडली तर फूल लांबते, कमी पडली तर लवकर उमलते. कांदा निदान बराखीत थांबतो; गुलाब शीतखोलीत काही दिवसांपलीकडे थांबत नाही. म्हणून निर्यातीच्या जोडीला दिल्ली, मुंबई, हैदराबाद येथील लग्नसराईची बाजारपेठ ज्यांनी धरून ठेवली ते अधिक सावरले. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागू झाली आणि ती लग्नसराईच बंद पडली. पॉलिहाऊसमधील झाड तोडणी थांबवू देत नाही, त्यामुळे मजुरी देऊन फुले तोडायची आणि फेकून द्यायची, अशी वेळ उत्पादकांवर आली. कर्जाचे व्याज मात्र झाडासारखेच थांबणारे नव्हते.

पाण्याचाही उल्लेख केला पाहिजे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. कारखान्याने पगार दिला हे खरे. पण त्याच शहराने पाण्यात वाटा मागितला. शेताबाहेर उभ्या केलेल्या आधाराचीही किंमत असते.

८ डिसेंबर २०२३

अलीकडच्या एका घटनेने कांद्याच्या संदर्भात हा सारा विचार तपासून पाहता येतो. १९७४ ची एकाधिकार पद्धत राहिली नसली तरी दिल्लीचा निर्णय आणि चाकणचा लिलाव यांचे नाते तुटलेले नाही. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लावण्यात आले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा निर्यातबंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी किमान निर्यातमूल्य आणि चाळीस टक्के शुल्काच्या अटींवर उठली. शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये वीस टक्क्यांवर आणले गेले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले.

या तारखा वर सांगितलेल्या तीन हंगामांशेजारी ठेवून पाहाव्यात. डिसेंबर ते मे या पाच महिन्यांत प्रामुख्याने जो कांदा बाजारात आला तो उशिराच्या खरिपाचा आणि रांगडा, म्हणजे न थांबणारा होता. ज्याने केवळ रब्बीचा कांदा धरला होता त्याचा माल बंदी उठली तेव्हा नुकता निघत होता आणि तो बराखीत ठेवण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. ज्याने पाण्याच्या किंवा पैशाच्या ओढीने रांगड्यावर भर दिला होता त्याला निवड उरली नव्हती. एकच पीक, एकच बाजार, एकच शासकीय आदेश. आणि तरी दोघांचे वर्ष निराळे गेले.

या पट्ट्यातील महाविद्यालयांचे बरेच विद्यार्थी याच दोन-चार एकरांच्या घरांतून येतात. मॅन यांनी १०३ कुटुंबांना जे विचारले तेच त्यांनी आज आपल्या गावात विचारावे, आणि त्यात दोन प्रश्नांची भर घालावी : यंदाचा कांदा कोणत्या महिन्यात विकला, आणि तो तोपर्यंत थांबला असेल तर घर कशावर चालले.